भोंग्याची सवय

आमच्या घरात घोड्याला भिणारं माणूस एकच होतं, आणि परक्यांच्या मुलांनी घोड्याला भिऊ नये म्हणून आबा ज्याला पुढे करायचे तेही तेच. ते माणूस म्हणजे मी. आता साठी उलटून गेल्यावर हे सांगायला कसली लाज? तेव्हा मात्र ही गोष्ट मी आईलासुद्धा कळू दिली नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. ते घोडे शिकवायचे. मोहोळकडच्या आमच्या गावी कुणा इनामदाराच्या पागेत वाढलेला हा माणूस सोलापुरात आला तो अंगावरचे कपडे आणि घोड्याची जाण घेऊन. टांगेवाल्यांचा घोडा बिथरला की ते आबांकडे आणून सोडत. वरातीला घोडे देणारे लोक नवं जनावर घेतलं की नवरदेव बसवण्याआधी आमच्या दारात आणून बांधत. आमच्या दोन खोल्या पत्र्याच्या, आणि त्यांना लागूनच घोड्यांचा गोठा. आबा त्याला पागा म्हणत, आई गोठाच म्हणायची. मधे कुडाची भिंत. अंथरुणावर पडलं की पलीकडे कडबा चावल्याचा आवाज, खूर आपटल्याचा आवाज, मधूनच एखादा लांबलचक सुस्कारा. माझ्या बहिणी त्या आवाजात गाढ झोपायच्या. मी पांघरूण डोक्यावरून घेऊन भिंतीपासून लांब सरकायची.

त्याला कारण होतं. अगदी लहान असताना मी पागेच्या दारात पाठमोरी खेळत बसले होते. एका टांग्याच्या घोड्याला माझी तेल लावलेली वेणी गवताची पेंढी वाटली असावी. त्याने ती दातांत धरली आणि मान वर केली. माझे पाय जमिनीवरून सुटले. आबांनी धावत येऊन त्याच्या नाकपुड्या दाबल्या तेव्हा मी खाली पडले. घरात हा किस्सा पाहुण्यांना सांगून सांगून झिजला होता. "घोड्यानं आमच्या सुमीची येणीच वैरण म्हणून चावली की!" असं म्हणून आबा मांडीवर थाप मारायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायची. हसताना माझा हात आपोआप मानेमागे जायचा, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घोडा शिकवायचा म्हणजे त्याला सवय लावायची, एवढंच आबांचं शास्त्र. जनावराला तोबरा बांधायचा, म्हणजे हरभऱ्याची पिशवी तोंडाला अडकवायची, आणि ते खात असताना भोवती हवा तेवढा गोंगाट करायचा. ज्या आवाजात पोट भरतं त्या आवाजाला जनावर भीत नाही, असं आबांचं म्हणणं. त्यामुळे संध्याकाळी आमच्या अंगणात जत्रा भरायची. बहिणी थाळ्या आणि तेलाचे रिकामे डबे बडवायच्या. आई दारात उभी राहून गोधडी फटाफट झटकायची. कुणी छत्री उघड, मीट, उघड, मीट करायचं. आबा ताशा वाजवायचे, आणि घोडा जरा मुरला की लवंगी फटाके. शेजारी बोंबलायचे नाहीत, उलट त्यांची पोरं आपापले डबे घेऊन यायची. घोड्याचा हरभरा आणि आमचा हरभरा एकाच पातेल्यात भिजत असे. सकाळी त्यातला वरचा घोड्याला आणि तळचा आमच्या उसळीला, सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मला तेव्हा वाटायचं की सगळ्या घरांत असंच असतं.

एक आवाज मात्र आमच्या या सवयीच्या यादीत कधीच नव्हता. तो म्हणजे गिरणीचा भोंगा. तो शिकवायची गरजच नव्हती. आमची गल्ली गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या भोंग्याला आई उठायची, दुसऱ्याला तवा चुलीवर चढायचा, पाळी बदलायच्या भोंग्याला आम्ही दप्तरं उचलायचो. पाहुणे दचकून कानांवर हात ठेवत तेव्हा आम्हाला कळायचं की भोंगा झाला. आमच्या दारात बांधलेला प्रत्येक घोडा तो भोंगा दिवसातून इतक्यांदा ऐकायचा की आठवडाभरात त्याचा कान हलणंसुद्धा बंद व्हायचं. आज त्या गिरणीची नुसती चिमणी उभी आहे, तिच्यावर पिंपळ उगवलाय. माझ्या नातीला मी भोंगा म्हणजे काय ते सांगायला गेले तर ती म्हणाली, "म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखं?" मी म्हटलं, हो बाई, तसंच.

रिक्षा आल्या आणि टांगे कमी व्हायला लागले, तेव्हा आबांनी मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊन चढायच्या आत, होम मैदानावर. काशी नावाची आमची म्हातारी घोडी होती. तिच्यावर कुणीही चढावं, उतरावं, शेपटी ओढावी, तिचं काही म्हणणं नसे. पण शहरातली मुलं तिला बघूनही आईबापांच्या मागे लपायची. मग आबा मला हाक मारायचे. "सुमे, ये. बस." मी रिकिबीत पाय घालायची, आबा मला वर ढकलायचे आणि मी पाठ ताठ करून बसायची. "बघा, माजी पोरगी. बायामाणूस असून हिला भ्या म्हंजे काय ते ठाव न्हाय." आईबाप कौतुकाने मान डोलवायचे आणि आपल्या पोराला पुढे ढकलायचे. माझ्या जिवावर आबांचा वर्ग चालला होता म्हणायला हरकत नाही.

मुलांना पहिल्या दिवशी आबा दोन गोष्टी सांगत. एक, खाली जमिनीकडे बघायचं नाही, घोड्याच्या दोन कानांच्या मधून समोर बघायचं. दुसरी, "भ्या वाटलं तर घोड्याला मांडीतनं कळतंय. तुमी भ्याला की त्यो भ्याला." दुसऱ्या गोष्टीने मुलं गंभीर व्हायची. माझा मात्र जीवच जायचा. माझी भीती आबांना कळत नव्हती, आईला कळत नव्हती, पण जिच्यावर मी बसले होते तिला सगळं कळत होतं! काशी चांगली म्हणून गप्प राहते, उद्या दुसरं कुठलं जनावर असलं तर? मी मांड्या घट्ट करायची म्हणजे भीती बाहेर सांडणार नाही. आता हसू येतं. पण तेव्हा परवचा म्हणताना, भात गिळताना, सुट्टीतलं गणित सोडवताना माझ्या डोक्यात तेच एक असायचं: उद्या सकाळी परत बसायचंय.

त्या वर्षी गिरणीत संप झाला. भोंगा बंद. पहिले काही दिवस आई रोज उशिरा उठायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची. गल्लीतले पुरुष कट्ट्यावर बसून विड्या ओढायचे, घरोघर पोळीची भाकरी झाली आणि भाकरीच्या कण्या. त्याच दिवसांत काशीचा पाय अधूनमधून सुजायला लागला. आबा मोहोळच्या पुढे कुठल्याशा वस्तीवर गेले आणि एक तरुण घोडी घेऊन आले. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा चांद. तिचं नाव चंद्री. शेतावर वाढलेली, शहर न बघितलेली. अंगणातली आमची जत्रा मग पूर्ण जोरात सुरू झाली. डबे, थाळ्या, ताशा, गोधड्या, फटाके. चंद्री पहिल्या दिवशी दोर तोडून पळाली, पुढे नुसतीच थरथरायची, आणि महिना उलटला तेव्हा कानाशी लवंगी फुटली तरी हरभरा चावत राहायची. आबा खुशीत होते. मी तिला लांबून बघायची. ती मला काशीसारखी वाटत नव्हती. तिच्या डोळ्यांत सारखं काहीतरी हलत असायचं.

वर्गात त्या सुट्टीत गिरिजा नावाची मुलगी होती. माझ्याहून बरीच लहान. तिचे वडील अप्पा यांचं भुसार मालाचं दुकान होतं. घरी कानडी, दुकानात मराठी. पोर अंधाराला भिते, मांजराला भिते, पाण्याला भिते, म्हणून अप्पांनी तिला आबांकडे आणलं होतं. "हिची अंजिकी काढून टाका आबा," ते म्हणाले. अंजिकी म्हणजे भीती. "हिनं घोडा चालवला की आमच्या गल्लीतली समदी पोरं धाडतो बघा तुमच्याकडे." आबांनी शब्द दिला. गिरिजा रोज माझा हात धरून उभी राहायची आणि हळूच विचारायची, "अक्का, तुला अंजिकी येत न्हाय?" आबा ऐकत असायचे. मी म्हणायची, "कानांच्या मधून बघ." तिच्या घरून येणारी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, मला फार आवडायची, पण तिच्या त्या प्रश्नानंतर मी वाटी तशीच खाली ठेवायची.

मग एका संध्याकाळी संप मिटल्याची बातमी आली. गल्लीत गूळ वाटला. बरेच दिवस बंद ठेवलेला रेडिओ कुणीतरी मोठ्याने लावला. आई म्हणाली, "चला, उद्यापास्नं येळेवर उठंन मी." आबा म्हणाले, "भोंगा झाला की कसं गाव जितं झाल्यासारखं वाटतंय." आम्ही सगळे पागेच्या दारात बसलो होतो, चंद्री आमच्या मागे हरभरा खात होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हिने भोंगा कधी ऐकलेलाच नाही. फटाक्याची सवय लावणारी आम्ही माणसं! आजही ती संध्याकाळ आठवली की मला उठून त्या सगळ्यांना गदागदा हलवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचे भोंगे झाले नाहीत, गिरणी सकाळच्या पाळीपासून सुरू होणार होती. मैदानावर नेहमीपेक्षा जास्त मंडळी होती. अप्पा छत्री घेऊन आले होते, सोबत त्यांच्या गल्लीतले दोघंतिघं आपली पोरं घेऊन. काशीचा पाय त्या दिवशी पुन्हा सुजला होता, म्हणून ती घरीच होती. आबांनी चंद्रीवर खोगीर कसलं आणि मला हाक मारली. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर इतका आनंद होता की मला नाही म्हणवेना. मी चढले. चंद्रीची पाठ काशीसारखी गादीवानी नव्हती. तिची कातडी माझ्या मांडीखाली सारखी थरारत होती आणि मला वाटलं, कळलं हिला. गिरिजा म्हणाली, "अक्का बसली तरच मी बसते." आबांनी तिला उचलून माझ्या पुढ्यात बसवलं. मी एका हाताने तिला आवळून धरलं, दुसऱ्या हातात लगाम. आबा दोर धरून एक फेरी चालले. मग लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी दोर काढला आणि चार पावलं बाजूला झाले.

तेवढ्यात भोंगा झाला.

कित्येक महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. रस्त्यावर सायकलींवरून कामगार चालले होते, त्यांनी आरोळ्या ठोकल्या. मैदानावरच्या लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या खाली चंद्री दगडासारखी घट्ट झाली. तिचे कान मागे पडले. दोन कानांच्या मधून बघायचं म्हणतात, पण तिथे कानच उरले नव्हते. पुढच्या क्षणी सगळं मैदान मागे पळायला लागलं.

किती वेळ ती उधळली ते मला सांगता येणार नाही. भोंगा थांबत नव्हता एवढं आठवतं. वारा तोंडात शिरत होता आणि श्वास मात्र आत जात नव्हता. गिरिजा डावीकडे घसरत चालली होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. समोर रस्ता, सायकली, आणि त्यांच्या मागून येणारा एक ट्रक. मी लगाम दोन्हीकडून ओढत होते आणि चंद्री मान ताणून आणखी पळत होती. मागून कुठून तरी आबांचा आवाज येत होता, पण शब्द फुटत नव्हते. गिरिजा मरणार आणि मीही मरणार, हे मला पाटीवर लिहिल्यासारखं स्पष्ट दिसलं. आणि तेव्हा, इतकी वर्षं पोटात दाबून धरलेलं ते बाहेर पडलं. मी सगळ्या ताकदीने किंचाळले, "आबा, मला भ्या वाटतंय! मला भ्या वाटतंय हो आबा!"

किंचाळल्यावर श्वास आत गेला. मग आबांचे शब्दही ऐकू आले. "एकच बाजू! सुमे, एकच बाजू वड!" मी उजवा लगाम सोडून दिला आणि डावा धरून, अंगातलं सगळं वजन घालून, पोटाकडे ओढला. गिरिजाही डावीकडेच लोंबत होती, तिचं वजनही त्या हातावर आलं. चंद्रीची मान वळली. ती तशीच पळत वळली, मोठा गोल, मग लहान गोल, रस्त्याच्या अगदी कडेने, ट्रकचा धुरळा आमच्या अंगावर आला. भोंगा थांबला. आणखी एक गोल फिरून चंद्रीही थांबली. तिच्या तोंडाला फेस होता, चारी पाय लटलट कापत होते. मला पहिल्यांदा तिच्याकडे बघून वाटलं, अगं, ही तर माझ्यासारखीच आहे.

आबा पोचले. त्यांनी लगाम धरला. मागून अप्पा धापा टाकत आले, छत्री कुठेतरी पडली होती, धोतराचा सोगा हातात. त्यांनी गिरिजाला ओढून घेतलं. पोर रडत नव्हती. मोठे डोळे करून ती वडिलांना सांगत होती, "अप्पा, अक्काला पण अंजिकी येते! अक्काला लई अंजिकी येते!" जणू तिला वाटेत रुपया सापडला होता. अप्पांनी आबांकडे एकदा पाहिलं आणि पोरीला खांद्यावर टाकून चालते झाले. बाकीचेही एकेक करून पांगले. आबांनी मला उतरवलं. माझा परकर ओला होता. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या कमरेला गुंडाळलं आणि आम्ही तिघं, ते, मी आणि चंद्री, घरी आलो.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. तिने तवा चुलीवरून खाली ठेवला. "जनावराला डब्याची सवय लावली, फटाक्याची लावली. भोंगा इसरला ते इसरला. पर आवं, ह्या पोरीला कुणी कवा इचारलं का?" आबा उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्यापुढे भाकरी वाळत चालली. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कवापास्नं?" मी म्हटलं, "येणी चावली तवापास्नं." त्यांचा हात मांडीवर होता, थाप मारायला उचलावा तसा तो जरासा उचलला गेला आणि तिथेच राहिला. तो किस्सा त्यांनी पुन्हा कधीच कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा भोंग्याच्या वेळी चंद्रीला गिरणीच्या भिंतीजवळ नेऊन उभी करायला लागले. तोबरा बांधून. निघताना मला म्हणाले, "येतीस का? न्हाय म्हणलीस तरी चालंल." असं त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मी गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकदा उघड झाल्यावर भीती कमी होते असं लोक म्हणतात, माझी काही झाली नव्हती. पण ती आता माझ्या एकटीची नव्हती, चंद्रीचीही होती. भोंगा झाला की ती मागे झोकांड्या द्यायची, मी कान झाकून आबांच्या मागे लपायची, आणि आबा मधे उभे राहून दोघींशी एकाच सुरात बोलायचे, "व्हय बाई, व्हय. लई मोठा हाय. संपंल आता." हळूहळू भोंगा होताना चंद्रीचं तोंड तोबऱ्यातून बाहेर यायचं थांबलं.

मैदानावर जायला मात्र आबा तयार नव्हते. कोण येणार आता, म्हणायचे. मग एका संध्याकाळी अप्पा दारात. मागे गिरिजा, हातात हुग्गीचा डबा. आबा उठून उभे राहिले. अप्पा म्हणाले, "काय करू आबा? पोर ऐकत न्हाय. भिणाऱ्या अक्काजवळच न्या मला, म्हणते. मांजराला भीत होती, त्यालाच आता सांगते, भिऊ नको, अक्का पण भिते." आणि ते हसले. आई पदराने डोळे पुसत हुग्गी वाढायला आत गेली.

पुन्हा वर्ग भरला तेव्हा मुलं थोडीच होती. मी नेहमीप्रमाणे हाकेची वाट बघत उभी राहिले. आबांनी मला चढायला सांगितलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि मुलांना विचारलं, "कुणाकुणाला भ्या वाटतं? हात वर करा." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकाचाही हात उठेना. मग आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम तेच होतं, सगळ्यांत आधी पुढे होण्याचं. मी हात वर केला. गिरिजाने दोन्ही केले. मग बाकीचे.

त्यानंतर मी आपण होऊन चंद्रीवर चढले. भीती होतीच. गिरिजा वर यायला हात पसरत होती, आबा माझा पाय रिकिबीत नीट बसवत होते, आणि भोंगा झाला. मी चंद्रीच्या कानांच्या मधून बघितलं. कान उभे होते. तिने मान वळवून आबांच्या खिशाशी तोंड नेलं, हरभरा शोधायला. ती हलली नाही. आबांचा हात मात्र माझ्या पायावर इतका आवळला गेला की बोटांचे वळ उठले. भोंगा पुरता थांबेपर्यंत त्यांनी माझा पाय सोडला नाही.